वसई किल्ल्यातलं जेझुइट चर्च आणि कॉलेज : शाळेची सहल न्यायची असेल तर आधी हे वाचा

मी विरारला एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते, सातवी-आठवीला. गेल्या तीन वर्षांत पोरांना घेऊन वसईच्या किल्ल्यात तीनदा गेले आणि तिसऱ्या वेळी जे काही बघितलं ते लिहून ठेवायलाच पाहिजे असं वाटलं म्हणून हा रिव्ह्यू. पूर्ण किल्ल्याचा नाहीये हा. किल्ला ११० एकरांचा आहे, नुसती तटबंदीच साडेचार किलोमीटरच्या आसपास, एका दिवसात होतच नाही. हा त्यातल्या एकाच वास्तूचा रिव्ह्यू, जेझुइट (ख्रिस्ती पाद्रींचा एक संघ) पाद्रींचं जुनं चर्च आणि त्याला खेटून असलेलं त्यांचं कॉलेज, आणि ते आम्हाला दाखवणाऱ्या मास्तरांच्या वॉकचा. पाचपैकी पाच, दोन्हीला.

पहिल्या वर्षी आम्ही एका टूरवाल्यांकडून गेलो होतो. नाव नाही लिहीत. माणशी पैसे घेतले, बस, वडापाव, पाण्याची बाटली सगळं व्यवस्थित, पण किल्ल्यात शिरल्यावर चिमाजी आप्पांच्या पुतळ्यापाशी फोटो, मग जे पहिलं पडकं चर्च लागलं तिथे दहा मिनिटं, आणि बरोबरचा मुलगा पोरांना सांगतोय की इथे खाली खजिना पुरलाय आणि रात्री इथे कोणीतरी रडतं. झालं. परत येताना बसमधे सगळी चर्चा भुताची. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं काय बघितलं तर अर्ध्या पोरांनी "हॉन्टेड जागा" असं लिहून दिलं. मला फार वाईट वाटलं, कारण त्याच पोरांना मी आदल्या आठवड्यात वसईची मोहीम, म्हणजे चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली ती, शिकवली होती.

दुसऱ्या वर्षी स्वतःच नेलं, नेटवरून प्रिंटआउट काढून. पण आत चर्चचे अवशेषच सहा-सात, पाद्रींच्या एकेका संघाचे निराळे, फ्रान्सिस्कन वेगळे, डॉमिनिकन वेगळे, ऑगस्टिनियन वेगळे, जेझुइट वेगळे, सेंट जोसेफ कॅथेड्रल वेगळं, आणि सगळ्यांना छप्पर नाही, सगळीकडे पिंपळ-वड उगवलेले, त्यामुळे मला स्वतःलाच कुठलं कोणतं ते कळेना तर पोरांना काय सांगणार. नुसतं फिरलो.

तिसऱ्या वेळी एका पालकांनी वसई गावातल्या एका रिटायर्ड मास्तरांचा नंबर दिला. ते अधूनमधून शाळांना किल्ला दाखवतात. फी विचारली तर म्हणाले, "फी नको बाई, पण दोन अटी. प्रत्येकाकडे वही आणि पेन्सिल पाहिजे, आणि मोबाइल बॅगेत." मान्य केलं. आणि अजून एक म्हणाले जे मला तेव्हा विचित्र वाटलं, "सगळा किल्ला दाखवणार नाही, एक शाळा दाखवीन."

शाळा म्हणजे हेच, जेझुइट चर्च आणि कॉलेज.

सकाळी साडेसातला सुरू केलं आम्ही. वसई रोड स्टेशनवरून पश्चिमेला बाहेर पडलं की किल्ल्याकडे रिक्षा मिळते, बसही आहेत. किल्लाबंदरला जाणारा रस्ता किल्ल्यातूनच जातो, त्यामुळे गाडी अगदी आतपर्यंत नेता येते. भाईंदरच्या बाजूने येणार असाल तर आता रो-रो बोट आहे, २०२४ पासून, गाडीसकट खाडी ओलांडता येते, पोरांना तीच जास्त आवडेल कदाचित. तिकीट वगैरे काही नाही. मास्तर आधीच येऊन थांबले होते, पांढरा शर्ट, पायात चपला, हातात छत्री, पाऊस नसताना. नंतर कळलं छत्री वर दाखवायला आणि गवतात पुढे आपटायला. साप असतात, हे लक्षात ठेवा, पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढतं, पोरांना बूट कंपल्सरी करा.

चर्चच्या दर्शनी भिंतीसमोर आल्यावर ते काही बोललेच नाहीत. पोरांना म्हणाले पाच मिनिटं नुसतं बघा आणि जे दिसतं ते काढा. मी पण बघत बसले. किल्ल्यातल्या सगळ्या चर्चमधे ही भिंत सगळ्यात शाबूत आहे असं मला वाटतं. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना खांब, त्यांच्यावर वरपासून खालपर्यंत उभ्या खाचा आणि वरच्या टोकाला कोरलेली पानं. आणि दरवाजाच्या वर गोलाकारात तीन रोमन अक्षरं, आयएचएस. ग्रीक भाषेत येशूचं नाव लिहिताना येणारी पहिली तीन अक्षरं ती, आणि तेच जेझुइटांचं चिन्ह. मास्तर म्हणाले, "आता तुम्हाला किल्ल्यात कुठेही सोडलं तरी हे चर्च ओळखता येईल. ही अक्षरं बघायची." दोन वर्षं मी प्रिंटआउट घेऊन जे शोधत होते ते एका वाक्यात सुटलं.

एक पोरगी आमची, वर्गात फारसं बोलत नाही, तिने खांबावरच्या खाचा मोजल्या. बोट एकेका खाचेत घालून, वर बघून परत खाली, दोनदा चुकली, परत पहिल्यापासून. दगडाला कुठे कुठे शेवाळ सुकून काळं झालेलं, तिच्या बोटाला लागत होतं, ते ती फ्रॉकला पुसायची आणि परत मोजायची. मास्तर शेजारी उभे राहून वाट बघत होते, घाई केली नाही. मला वाटतं ह्याच्यासाठीच मी पाच स्टार दिलेत.

मग आत गेलो. आत म्हणजे चार उंच भिंती आणि वर आकाश. मास्तरांनी सगळ्यांना जमिनीवर बसवलं आणि मग सुरू केलं, आणि जे सांगितलं ते मी इथे थोडक्यात लिहिते कारण सहल नेणाऱ्या शिक्षकांना उपयोगी पडेल.

१५३४ मधे गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या उत्तर प्रांताचं हे मुख्य ठाणं झालं, ते हिला बासाईं म्हणायचे. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४० च्या दशकात स्वतः वसईला येऊन गेले आणि १५४९ च्या सुमारास जेझुइटांचं चर्च इथे उभं राहिलं, त्यानंतर काही वर्षांत कॉलेज. कॉलेज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर अकरावी-बारावी येते, पण तेव्हाचं जेझुइट कॉलेज म्हणजे पाद्रींचं राहण्याचं घर आणि शाळा दोन्ही एकत्र, लिहायला-वाचायला शिकवायचे, गायला शिकवायचे, लॅटिन शिकवायचे. ह्याच जेझुइटांनी गोव्याला सेंट पॉल्स कॉलेजात १५५६ मधे छापखाना सुरू केला, भारतातला पहिला. हे मी वर्गात दरवर्षी सांगते, पण त्याच लोकांनी आमच्या शाळेपासून एवढ्या जवळ शाळा चालवली होती हे कधी सांगितलं नव्हतं.

आणि मग गोन्सालो गार्सिया. हे नाव वसईकरांना नवीन नाही, इथे त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, पण माझ्या वर्गातल्या बहुतेक पोरांनी पहिल्यांदा ऐकलं. वसईत जन्म, १५५६-५७ च्या आसपास, वडील पोर्तुगीज सैनिक, आई इथलीच. हा मुलगा इथल्या जेझुइटांकडे शिकला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे जपानी भाषा शिकला, इतकी चांगली की लोक त्याच्याशी मोकळं बोलायचे. पुढे व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन झाला, आणि १५९३ ला परत जपानला गेला तो दुभाष्या म्हणून. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्यासमोर पाद्रींचं म्हणणं जपानीत सांगणारा माणूस हा आपला वसईचा. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवून मारलं त्यात तोही. १८६२ मधे पोपनी संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेले पहिले संत.

मास्तरांनी हे सांगताना संत ह्या शब्दावर फार जोर दिला नाही, दुभाष्या ह्यावर दिला. पोरांना विचारलं तुम्हाला किती भाषा येतात. मराठी, हिंदी, इंग्लिश सगळ्यांनी सांगितलं, एकाने गुजराती, एकाने भोजपुरी. आणि मागून एक पोरगा हळूच म्हणाला, "कादोडी." त्याची आजी वसईच्या कुपारी ह्या ख्रिस्ती समाजातली, ही त्यांची बोली, तिच्याकडून शिकलेला. वर्गात त्याने हे कधीच सांगितलं नव्हतं, पोरं हसतील म्हणून असेल. मास्तरांचा चेहरा असा उजळला काय सांगू, ते स्वतः त्याच समाजातले, त्याच्याशी दोन वाक्यं कादोडीत बोलले, आणि तो पण पटकन उत्तर देऊन गेला, आणि बाकीची सगळी पोरं गप्प होऊन बघत होती, कोणी हसलं नाही. ज्या शाळेतून शिकून एक पोरगा जपानला दुभाष्या झाला तिथेच बसून हे झालं. मी मराठीची शिक्षिका आहे, मला त्या क्षणाचं मोल कळतं. परत आल्यावर त्याला मी आजीकडून दहा शब्द लिहून आणायला सांगितले, चाळीस आणले.

चर्चला लागूनच कॉलेजचा भाग आहे. कमानी, पडलेल्या भिंती, खिडक्यांच्या जागी मोठी भोकं, त्यातून झाडं दिसतात. एका खिडकीच्या दगडी उंबऱ्यावर उन्हाचा तिरका पट्टा पडला होता आणि तिथे चार पोरं ओळीने बसून चित्रं पूर्ण करत होती. मी फोटो काढला नाही, माझाही मोबाइल बॅगेत होता, अट सगळ्यांना होती.

दगडाबद्दल एक सांगायचं राहिलं. वसईचा दगड तेव्हा प्रसिद्ध होता, गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकाच्या दर्शनी भागात वापरलेला काळा दगड हा वसईकडून समुद्रमार्गे नेलेला. गोव्याला जाऊन आपण त्या भिंतीसमोर सेल्फी काढतो आणि तो दगड जिथला तिथे कोणी जात नाही.

आता चिमाजी आप्पा. एका पालकाने सहलीच्या आधी मला विचारलं होतं की बाई, वसईला नेताय तर आपल्या विजयाबद्दल दाखवा, चर्च कशाला. मला वाटतं हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो म्हणून सरळ उत्तर देते. १७३९ चा वेढा फेब्रुवारी ते मे चालला, समुद्र आणि खाडी आणि दलदल, जमिनीकडून एकच बाजू, सुरुंग लावून बुरूज फोडले, मराठ्यांची हजारो माणसं पडली. हे किती अवघड होतं ते पुस्तकातून कळत नाही, ह्या भिंतींच्या आत उभं राहिलं की कळतं. ही एवढी मोठी चर्च, कॉलेज, कॅथेड्रल असलेलं दोनशे वर्षांचं शहर होतं, नुसती एक गढी नव्हती. आणि ते जिंकल्यावर तहात आतल्या लोकांना सामानसुमान घेऊन बाहेर पडायची मोकळीक दिली, हे पण पोरांना सांगायला पाहिजे, त्यात चिमाजी आप्पांचा मोठेपणा आहे. किल्ल्यात नागेश्वराचं देऊळ आहे, वज्रेश्वरी देवीचं आहे, तिथेही आम्ही गेलो. चर्च कशाला विचारणाऱ्या त्या पालकांचीच मुलगी ती खांबाच्या खाचा मोजणारी.

माझ्यासाठी सगळ्यात जड गेलेली गोष्ट मात्र वेगळीच. माझं माहेर वाईचं. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर एक मोठी घंटा आहे, पंचधातूची, १७०७ सालची, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. वसईच्या मोहिमेतून आलेली. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं त्या घंटेखाली उभं राहून कोणाचा हात पोचतो ते बघायचो, आणि ती बाई कोण हे आजीला विचारलं तर आजी म्हणायची, "कोणाची तरी आई आहे, नमस्कार कर." नाशिकला नारोशंकराच्या देवळात तशीच घंटा आहे, भीमाशंकरला आहे. सगळ्या वसईकडच्या. हे मला पाठ होतं, वर्गात सांगायचे. पण त्या दिवशी मास्तरांनी छत्री वर करून चर्चचा मनोरा दाखवला आणि म्हणाले, "घंटा इथे असायच्या," आणि वर नुसती रिकामी कमान आणि त्यातून पलीकडचं आकाश. मी पन्नाशीला आले तरी ह्या दोन जागा मी मनात कधी जोडल्याच नव्हत्या. मेणवलीची घंटा ही माझ्यासाठी मेणवलीचीच होती. तिथून हललेच नाही मी काही वेळ. मास्तरांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, अजून वाजते का. म्हटलं हो, आवाज चांगला आहे. ते म्हणाले, "मग बरं आहे."

बाकी किल्ल्यातलं थोडक्यात. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमधे जमिनीत कोरीव थडग्यांचे दगड आहेत, पोर्तुगीज अक्षरं अजून वाचता येतात, पोरांना कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसे काढू देऊ नका, मास्तरांनी सांगितलं अक्षरं झिजतात, नुसतं बघून उतरवून घ्या. सेंट जोसेफ कॅथेड्रलचा मनोरा उंच आहे, आत गोल जिना, पण चाळीस पोरं असतील तर जिन्याच्या भानगडीत पडू नका. दर्या दरवाजाकडून खाडी आणि होड्या दिसतात, डबा खायला ती जागा चांगली, वारा असतो.

आता ज्या गोष्टींचा मला मनापासून त्रास झाला त्या. एक म्हणजे भिंतींवर नावं कोरलेली, खिळ्याने, बदाम काढून, अगदी दर्शनी भिंतीच्या खालच्या दगडांपर्यंत. आमच्या एका पोराने विचारलं हे पण पोर्तुगीजांनी लिहिलंय का, मला उत्तर देताना लाज वाटली. दुसरं म्हणजे फोटोशूट. आम्ही चर्चमधे बसलेलो असताना एक प्री-वेडिंगवाले आले, रंगीत धुराच्या कांड्या घेऊन, आणि आम्हाला म्हणाले पोरांना जरा बाजूला घ्या फ्रेममधे येतायत. धूर भिंतीवर बसतो हो. गुलाबी डाग मी स्वतः बघितले, आधीच्या कोणाचे तरी. मास्तर उठून त्यांच्याशी अगदी शांतपणे बोलले, ती मुलगी समजूतदार होती, तिनेच त्या फोटोग्राफरला कांड्या आत ठेवायला लावल्या. पण रोज कोण बोलणार? जे शूट करायला जातात त्यांना माझी कळकळीची विनंती, फोटो काढा, हवे तेवढे काढा, पण तिथे जाळू नका काही आणि चढू नका काही. ह्या भिंती पावणेपाचशे वर्षांच्या आहेत, पुन्हा कोणी बांधून देणार नाही.

टॉयलेटची सोय आहे असं धरून चालूच नका, मुलींना नेत असाल तर वसई गावात आधी कुठेतरी शाळेत किंवा ओळखीच्या ठिकाणी व्यवस्था करून ठेवा, आम्ही मास्तरांच्या ओळखीने केली. पिण्याचं पाणी बरोबर न्या, माणशी दोन बाटल्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं, एप्रिल-मेमधे दगड तापतात. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं, दिसायला फारच सुंदर, पण शेवाळाने पाय घसरतो, मोठ्यांनी जावं, पोरांना नको. रविवारी गर्दी असते, शनिवार सकाळ उत्तम. अंधार पडायच्या आत बाहेर पडा.

येताना बाजारातून सुकेळी घेतली. वसईची सुकवलेली केळी, पानात गुंडाळलेली, एका मावशींकडे मिळाली, लाल लुगडं नेसलेल्या, त्यांनी पोरांना एकेक तुकडा चाखायला दिला आणि पैसे घेतले नाहीत. जरा चिवट, मधासारखी गोड, विकतच्या कुठल्याही चॉकलेटपेक्षा चांगली. कादोडी बोलणाऱ्या पोराने आजीसाठी एक पुडकं घेतलं, वीस रुपये कमी पडत होते, ते मी दिले.

मास्तरांचा नंबर इथे टाकत नाहीये, त्यांना फोनवर फार बोलायला आवडत नाही आणि ते महिन्याला दोनच शाळा घेतात. वसई गावात एखाद्या शाळेत चौकशी केलीत तर असे जाणकार लोक भेटतात, तिथल्या लोकांना आपल्या गावाबद्दल माहिती पण आहे आणि सांगायची हौस पण. मी ह्या वर्षीच्या आठवीसाठी जानेवारीतला शनिवार मागून ठेवलाय. ह्या वेळी जाताना मेणवलीच्या घंटेचा एक मोठा फोटो प्रिंट करून नेणार आहे, भावाला सांगितलंय जवळून काढायला, मेरीचा चेहरा आणि साल नीट दिसेल असा, मास्तरांना द्यायला.